शेजारचं पान

चि. मुग्धास,


तू पाठवलेली कात्रणं वाचली. भाषा स्वच्छ आहे. पण नळाला पाणी कमी येतं तो अन्याय, संघात निवड झाली नाही तोही अन्याय, आणि मुकादमानं मजुरी बुडवली तोही अन्यायच? अशानं मजुराचं गाऱ्हाणं फिकं पडतं, पोरी.

अन्याय लिहायचा तर हक्क कोणता आणि तो कुणी डावलला, हे सांगावं लागतं. पक्षपात म्हटलंस की निवडणाऱ्याचा कल सिद्ध करणं तुझ्यावर आलं. तिथं जपून, वकिलाची नोटीस अशाच शब्दापायी येते. नळाच्या बातमीला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार, शेजाऱ्याला कोरडा वरणभात. उपाशी कुणीच उठत नाही, म्हणून वाढपी साळसूद राहतो. तेव्हा शेजारचं पान दाखवायचं. टाकी एकच असताना कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडतात, तेवढं छाप. विशेषणं लागणार नाहीत.

तुमच्या विदर्भाचंच बघ. 1953 च्या नागपूर करारात न्याय्य वाट्याचं आश्वासन होतं, तरी सापत्नभावाची ओरड थांबली नाही. वि. म. दांडेकरांच्या समितीनं 1984 च्या अहवालात रस्ते, सिंचन असं एकेक घेऊन राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिलं, आणि राज्यभरातली तूट तीन हजार कोटींच्या वर निघाली. मग ‘अनुशेष’ हा शब्द विधिमंडळात घुमू लागला. (तो भरला का, यावर मी बोलू लागलो तर तुझी आई पत्र फाडेल.) पण सापत्नभाव नाकारता येतो, तसा आकडा झटकता येत नाही.

पंक्तिप्रपंच हा शब्दही सगळीकडे चालवू नकोस. तो पंगतीत बसलेल्यांपुरताच. महाडला 1927 साली चवदार तळ्यावर गेलेल्या दलितांच्या वाट्याला पाणी कमी येत होतं असं नव्हे, त्यांना तळ्याला हातच लावू देत नव्हते. मुंबई कायदे कौन्सिलनं 1923 सालीच सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. हक्क कागदावर होता आणि गावानं तो डावलला. तिथं अन्याय हाच शब्द, आणि तो बिचकत लिहायचा नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा