संगिनीवरचा १९०७

प्रश्न : आमचे जुने घर उतरवताना माळ्यावरच्या पेटीत एक लांब सुरा सापडला. पाते १७ इंच, मूठ लाकडी, मुठीपुढच्या आडव्या लोखंडी पट्टीला गोल कडी. पात्याच्या मुळाशी मुकुट, त्याखाली इंग्रजीत 'जी. आर. आय.', '१९०७' आणि काही बारीक अक्षरे आहेत. पणजोबा हिंगोलीच्या पलटणीत होते, त्यांचाच हा सुरा, असे घरात सांगतात. शिवाय देवघरात एक सरळ पात्याची तलवार आहे, तिची खंडेनवमीला पूजा होते. ती शिवकालीन असल्याचे आजोबा सांगत. या वस्तू ओळखायच्या कशा, साफ कशा करायच्या आणि घरात ठेवता येतात का?
– एक वाचक, नरसी नामदेव (जि. हिंगोली)

उत्तर : सापडलेली वस्तू सुरा नसून संगीन आहे. ती कडी ली-एनफील्ड रायफलीच्या तोंडाखालच्या बोंडावर बसते आणि मुठीच्या टोकातली खाच रायफलीच्या खुंटीत अडकते. लांब पात्याची ही संगीन दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायांच्या कमरेला होती, त्यामुळे महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतून ती अधूनमधून निघते.

तुमच्या पत्रातला कळीचा तपशील म्हणजे १९०७ हा आकडा. ते संगीन घडवल्याचे साल नाही. या घाटाच्या संगिनीच्या नावातलेच ते साल आहे, म्हणून पुढे कित्येक वर्षांनी घडवलेल्या संगिनींवरही ते सापडते. घडवल्याची तारीख त्याच्या खाली बारीक अक्षरांत असते : आधी महिन्याचा आकडा, मग सालाचे शेवटचे दोन आकडे. तिच्याजवळच कारखान्याचे नाव असते. विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल किंवा व्हिकर्स असेल तर संगीन इंग्लंडची. 'आर. एफ. आय.' असेल तर कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल कारखान्याची. 'जी. आर.' हे राजा जॉर्जचे आणि पुढचा 'आय' सम्राटपदाचा. हा 'आय' हिंदुस्थानी बनावटीवर दिसतो, तेव्हा तुमची संगीन बहुधा ईशापूरची असावी.

आता घरातल्या आठवणीकडे येऊ. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. निजामाच्या खर्चाने उभारलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या या फौजेची ठाणी जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर आणि बोलारम इथेही होती. १९०३ साली ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. जी छावणी १९०३ ला उठली तिथे १९०७ च्या घाटाची संगीन मिळालेली असू शकत नाही. म्हणून पणजोबांची हकीकत खोटी ठरत नाही. ते छावणी उठल्यानंतर त्याच पलटणीबरोबर दुसरीकडे गेले असतील. संगीन घरातल्याच दुसऱ्या कुणाची असेल. किंवा हैदराबाद संस्थानावरच्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या धामधुमीत ती इथे आली असेल, कारण त्या वेळी दोन्ही बाजूंच्या सैन्याकडे ली-एनफील्ड होत्या.

कंटिन्जंटच्या काळातली शिपायाची संगीन दिसायला अगदी निराळी. तिला मूठच नसते. बंदुकीच्या नळीवर चढवायची एक लोखंडी नळी, तिला कोपरासारखा बाक आणि पुढे तीन कडांचे सळईसारखे टोकदार पाते. ती फक्त भोसकण्यासाठी असे, कापण्यासाठी नव्हे. तुमच्या गावात किंवा हिंगोलीत कुणाकडे अशी तिधारी संगीन निघाली, तर छावणीशी तिचा संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. अशी वस्तू पहारीसारखी वापरून संपवू नये, एवढी विनंती तुमच्यामार्फत गावाला करतो.

पात्याच्या दुसऱ्या बाजूलाही खुणा असतील. बाणाचे टोक म्हणजे सरकारी मालकी. × ही खूण पाते वाकवून पारखल्याची. दोन बाण एकमेकांच्या टोकाला टोक लावून कोरलेले असतील, तर ती वस्तू सैन्याने रीतसर मोडीत काढून विकलेली आहे, म्हणजे ती बाजारातूनही घरात आली असू शकते. मुठीच्या टोकाजवळ आरपार छिद्र आहे का तेही पाहा. खाचेत साचलेली माती निघून जावी म्हणून पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर ते पाडू लागले. त्याहीआधीच्या, म्हणजे १९१३ पर्यंतच्या संगिनींना आडव्या पट्टीच्या खालच्या टोकाला हुकासारखा आकडा असे. पुढे तो काढून टाकल्याने आकडेवाल्या संगिनी दुर्मीळ झाल्या आणि संग्राहक त्यांना चढा भाव देतात. त्यामुळे साध्या संगिनीला आकडा डाखून विकण्याचे प्रकार सर्रास होतात. आकड्याच्या मुळाशी डाख दिसला किंवा लोखंडाचा रंग बदललेला दिसला, तर घेऊ नये.

तलवारीचे तुम्ही फारसे वर्णन केलेले नाही, पण सरळ पाते हा चांगला धागा आहे. मराठ्यांकडच्या सरळ पात्याच्या पुष्कळ तलवारींची पाती युरोपातून आलेली असत आणि मूठ इथे चढवलेली असे. या तलवारीला फिरंग म्हणत. पात्यावर लांबट नाळी आणि अर्धगोल दातेरी खुणा दिसल्या, तर त्या इटलीतल्या जिनोआ शहराच्या पद्धतीच्या. पण इथले कारागीरही त्या खुणांची नक्कल करत, म्हणून केवळ खुणेवरून पाते परदेशी ठरवता येत नाही. मूठ पाहा. बोटे झाकणारी रुंद परज आणि मुठीच्या वरच्या टोकातून निघालेली दांडी ही मराठा पद्धत, आणि वर बशीसारखी चकती ही उत्तरेतल्या तलवारीची. जुन्या कामात पात्याचे मूळ मुठीत लाखेने बसवलेले असते. मूठ किंचित खुळखुळते ती त्यामुळे, ते वाईट लक्षण नव्हे. मूठ आणि पाते जोडणारे वेल्डिंगचे टाके दिसले, तर वस्तू अलीकडची किंवा दुरुस्त केलेली.

'शिवकालीन' हे विशेषण जपून लावावे. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने घेतलेली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार फिरंगच होती. तिचे पाते युरोपीय आहे, आणि ती रघुजींची म्हणून ओळखली गेली ती पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव आहे म्हणून. याउलट २०२४ साली साताऱ्याला पाहायला ठेवलेल्या वाघनखांबद्दल, ती अफजलखानावर चालवलेलीच आहेत असे सिद्ध करता येत नाही, हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतःच सांगितले होते. मोठ्या संग्रहालयांना इतकी सावधगिरी लागते, तर आपणही तलवारीला आधी 'जुनी' म्हणावे, आणि काळ तिच्या घडणीवरून ठरू द्यावा.

साफसफाईबद्दल मात्र मला अगदी कळवळून सांगायचे आहे. दोन्ही वस्तूंना सँडपेपर, चिंच, लिंबू, राख किंवा ग्राइंडर लावू नका. चकचकीत करून आणलेली जुनी शस्त्रे मी पाहिली आहेत. त्यांच्यावरची अक्षरे, खुणा, सगळे पुसले गेलेले असते आणि ते परत आणण्याचा उपाय कुणाकडेच नाही. तुमच्या भागात तर धोका अधिक. तेलंगणातले निर्मळ आणि त्याजवळचे कोनासमुद्रम तुमच्यापासून फार दूर नाहीत. तिथल्या भट्ट्यांमध्ये मुशीत वितळवलेले पोलाद जगप्रसिद्ध होते आणि इराणचे व्यापारी ते नेण्यासाठी तिथवर येत. त्या पोलादाच्या पात्यावर लाटांसारखी बारीक नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. गंजाखाली ती दिसत नाही आणि घासले की नष्ट होते. म्हणून तांबडा, भुसभुशीत गंज असेल तिथे रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवा आणि सुती कापडाने हलक्या हाताने पुसा. काळपट, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या. तो जुनेपणाचा पुरावा आहे आणि पात्याचे रक्षणही करतो. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. पात्याला बोटे लावू नका, घामातले मीठ लोखंड खाते. संगीन चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडे ओल धरते. खंडेनवमीची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू पात्याला थेट न लावता खालच्या वस्त्रावर वाहा आणि फुले संध्याकाळी उतरवा. ओली फुले आणि चुन्याचे कुंकू यांचे डाग पोलादात उतरतात.

कायद्याचे थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६ चे नियम यांत संगीन आणि तलवार ही नावे स्पष्ट आहेत. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची इतर शस्त्रेही त्यात येतात. अधिसूचित क्षेत्रात ती बाळगण्यास परवाना लागतो. तेव्हा फोटोंसह लेखी अर्ज घेऊन आधी पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा, आणि अर्जाची पोच जपून ठेवा. मिरवणुकीत किंवा मोबाइलवरच्या फोटोंत ही शस्त्रे मिरवू नका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे संगीन १९१७ ची असेल तर हा कायदा लागू होईल, १९४२ ची असेल तर नाही. कयाधू नदीच्या काठी नांगरताना जमिनीत काही सापडले, तर तो निराळा विषय. १० रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

तोवर एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बोलते करून, पेटी कुणाची, कधीपासूनची, पणजोबांचे पूर्ण नाव आणि पलटण कोणती, हे तारखेसह लिहून घ्या. जुनी पेन्शनची कागदपत्रे किंवा पदके निघाली तर तीही ठेवा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. चांदीच्या मोहाने ते पदक सराफाकडे गेले की ती ओळख कायमची गेली. शस्त्रांचे फोटो काढताना उजेड बाजूने तिरपा पडू द्या आणि शेजारी फूटपट्टी ठेवा. ते राज्य पुरातत्त्व विभागाच्या नांदेड कार्यालयाला दाखवता येतील. संगिनीच्या मुठीच्या टोकावर आणि आडव्या पट्टीवर काही आकडे-अक्षरे ठोकलेली असतील तर ती जशीच्या तशी कळवा. तो पलटणीचा शिक्का असू शकतो, आणि तुमच्या पणजोबांची पलटण त्यावरूनच ताडून पाहता येईल.