लोकप्रतिनिधींकडे दाद कशी मागावी? : ई-सिगारेट बंदीच्या कायद्यावरून एक पाठ

उज्जैन शहरात रेल्वेमार्गाच्या एका अंगास महाकालाचे जुने नगर आणि दुसऱ्या अंगास फ्रीगंज ही पेठ आहे. राणोजी शिंदे यांच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेली अनेक मराठी घराणी या शहरात नांदत आहेत. घरात मराठी आणि बाजारात हिंदी असा त्यांचा व्यवहार असतो. फ्रीगंजमधील एखाद्या शिक्षकास विद्यार्थ्याच्या दप्तरात लेखणीसारखे दिसणारे विजेवरचे धूम्रपानाचे साधन सापडले, अशी कल्पना करू. ते पाहून पालक व शिक्षक एकत्र जमतात आणि ‘सरकारने यावर बंदी घालावी’ असे निवेदन लोकप्रतिनिधींस धाडतात. त्यांचा हेतू स्तुत्य असला, तरी असे निवेदन बहुधा निष्फळ ठरते. कारण जी बंदी ते मागतात ती देशात २०१९ पासून लागूच आहे. मग मागावयाचे काय आणि ते कोणाकडे, हे समजावून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

साधनाचे स्वरूप

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. विद्युत्घटाच्या शक्तीने एक द्रव तापविला जातो आणि त्याचे बाष्प ओढले जाते. या द्रवात बहुधा निकोटिन असते व त्यास फळांचे, पुदिन्याचे किंवा मिठाईचे स्वाद दिलेले असतात. धूर नसल्याने व वास सौम्य असल्याने घरच्या माणसांच्या ते सहसा ध्यानात येत नाही. निकोटिन हे सवय जडविणारे द्रव्य असून वाढत्या वयाच्या मेंदूवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो. म्हणूनच हा प्रश्न प्रथम शाळा-महाविद्यालयांचा ठरतो.

कायदा कसा झाला

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या साधनांविषयी राज्यांना सूचना दिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. त्याच वर्षी देशातील एक हजारांहून अधिक डॉक्टरांनी पंतप्रधानांस पत्र लिहून हीच मागणी केली होती. दिनांक १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला. संसदेचे हिवाळी अधिवेशन १८ नोव्हेंबरला सुरू झाले. लोकसभेने २७ नोव्हेंबरला व राज्यसभेने २ डिसेंबरला विधेयक संमत केले. ५ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो २०१९ चा ४२ वा अधिनियम झाला.

या तारखा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांच्या आत अध्यादेशास मान्यता न मिळाल्यास तो लोप पावतो. त्यामुळे त्याजागी येणारे विधेयक वेगाने पुढे जाते. हे विधेयक संसदीय समितीकडे गेले नाही. एरवी समित्या वृत्तपत्रांतून जाहीर सूचना देऊन लोकांची लेखी मते मागवितात. ती संधी येथे आली नाही. अध्यादेश निघाल्यापासून लोकसभेतील संमतीपर्यंत सत्तर दिवस होते. बंदी हवी असो वा नको, आपले म्हणणे खासदारांच्या कानी घालण्याचा खरा काळ तोच होता. विधेयक मतास आले म्हणजे लिहिलेले पत्र उशिरा पोहोचते, हा त्यातील पहिला धडा होय.

तरतुदी काय आहेत

या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण व जाहिरात यांस मनाई केली आहे. निकोटिन असो वा नसो, तापवून बाष्प देणारी सर्व साधने व ई-हुक्का यांत येतात. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा अपराध घडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. साठा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केवळ ओढणाऱ्यास शिक्षा सांगणारे कलम मात्र या कायद्यात नाही. तेव्हा दप्तरात साधन सापडलेल्या मुलास अपराधी न मानता त्यास समजावणे व सवय सोडविणे हेच शिक्षकाचे काम आहे. त्यासाठी १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यास साहाय्य करणारा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी उपलब्ध आहे. शोध घ्यावयाचा तो विक्रेत्याचा.

कोणते काम कोणाकडे

अमुक दुकानात विक्री होते ही तक्रार लोकप्रतिनिधींकडे नव्हे, तर पोलीस ठाण्याकडे करावयाची असते. उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास झडती व जप्तीचा अधिकार या अधिनियमाने दिला आहे. दुकानाचे ठिकाण, दिवस व वेळ लिहून तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

तक्रारींवर कार्यवाही होत नसेल, तर आमदारांकडे जावे. उज्जैनच्या व्यवहारात त्यांस ‘विधायक’ म्हणतात. पोलीस हा राज्याचा विषय असल्याने, जिल्ह्यात या अधिनियमाखाली किती गुन्हे नोंदले गेले, किती माल जप्त झाला, किती प्रकरणे न्यायालयात गेली, हा प्रश्न विधानसभेत विचारता येतो. ‘व्यसन फार वाढले आहे’ या वाक्यास मंत्री सहानुभूतीचे उत्तर देतील. ‘किती गुन्हे नोंदले’ या प्रश्नास आकडाच द्यावा लागतो.

कायद्यातच बदल हवा असेल, तर मात्र खासदारांकडे, म्हणजे तेथील भाषेत ‘सांसद’ यांच्याकडे जावे लागते. अधिनियमाच्या दुसऱ्या कलमानेच हा उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली घेतल्याचे घोषित केले आहे. गुटख्याची गोष्ट याहून निराळी आहे. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून व महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून आलेली गुटखाबंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्यांच्या आदेशाने झाली. म्हणजे एकाच पानटपरीवरील दोन वस्तूंसाठी दोन निरनिराळी दारे ठोठवावी लागतात.

खासदार काय करू शकतात

लोकसभेत तारांकित प्रश्नास तोंडी उत्तर मिळते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नास लेखी उत्तर मिळते. नियम ३७७ खाली सार्वजनिक महत्त्वाचा विषय मांडता येतो. शुक्रवारी खासगी सदस्यांच्या विधेयकांसाठी वेळ राखून ठेवलेला असतो.

याशिवाय नागरिकांना सभागृहास उद्देशून विनंती-अर्ज करता येतो. तो एखाद्या सदस्यास आपल्या सहीनिशी सादर करता येतो. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत असावा. मराठीत लिहिल्यास त्यासोबत यांपैकी एका भाषेतील अनुवाद अर्जदाराच्या सहीने जोडावा. भाषा संयमित असावी, अर्जदारांची पूर्ण नावे, पत्ते व सह्या किंवा अंगठे असावेत आणि सोबत पत्रे वा अन्य कागद जोडू नयेत. न्यायालयाच्या विचाराधीन बाबी यात येत नाहीत.

पत्राचा नमुना

पत्र एका पानाचे व एकाच मागणीचे असावे. पुढील नमुना पाहावा :

‘माननीय आमदार महोदय यांस, सादर नमस्कार. आम्ही आपल्या मतदारसंघातील रहिवासी व शिक्षक आहोत. आमच्या शाळेजवळ ई-सिगारेटची विक्री होत असल्याची तक्रार आम्ही दिनांक … रोजी पोलीस ठाण्यात दिली. पोच सोबत जोडली आहे. अद्याप कार्यवाही कळलेली नाही. तरी २०१९ च्या अधिनियमाखाली जिल्ह्यात नोंदलेल्या गुन्ह्यांची वर्षवार संख्या आपण विधानसभेत प्रश्नाद्वारे विचारावी, ही विनंती. आपले उत्तर खालील पत्त्यावर मिळावे. आपले विश्वासू …’

या पत्रात लिहिणारा कोण, घडले काय, आधी काय केले व आता काय हवे, या चारही गोष्टी आल्या आहेत. विद्यार्थ्याचे नाव त्यात कोठेही नाही, आणि ते कधीही नसावे. पत्राची प्रत जपून ठेवावी व महिन्याभराने नम्रपणे स्मरणपत्र द्यावे.

भिन्न मताचाही अधिकार

ही वाट केवळ बंदीच्या समर्थकांसाठी आहे असे नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांस ही साधने उपयोगी पडतात, असे काही वैद्यकीय अभ्यासांत आढळले आहे. ब्रिटनमध्ये प्रौढांना ती कायद्याने मिळतात. तेथे एकदाच वापरून टाकावयाच्या साधनांवर मात्र जून २०२५ पासून बंदी आली. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून त्यांची विक्री औषधांच्या दुकानांपुरती मर्यादित झाली आहे. उलट, २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के व मध्य प्रदेशात ३४.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. अशा देशात नवे व्यसन शिरू देऊ नये, ही शासनाची भूमिका होती. बंदीऐवजी नियंत्रण असावे असे ज्यास वाटते, त्यानेही आपल्या खासदारांस तसे लिहावे. कायदा बदलेपर्यंत तो पाळणे आणि तो बदलावा असे सनदशीरपणे म्हणणे, या दोहोंत विरोध नाही.

शाळांनी नागरिकशास्त्राच्या तासास हा विषय घेणे इष्ट ठरेल. विद्यार्थ्यांस आपल्या मतदारसंघाचे आमदार व खासदार कोण हे शोधावयास सांगावे, वरील तीन तक्रारींपैकी कोणती कोणाकडे जाईल हे विचारावे आणि प्रत्येकाकडून एका पानाचे पत्र लिहून घ्यावे. ज्या मुलाने असे पत्र एकदा नीट लिहिले, त्यास ई-सिगारेटचा धोका समजेलच. शिवाय पुढे रस्ता, पाणी वा दवाखाना यांविषयी लिहावयाची वेळ आली, तर योग्य दार कोणते हे त्यास दुसऱ्यास विचारावे लागणार नाही.