आधी लिव्हर तपासा, मग तारीख ठरवा

बेंबीचा हर्निया म्हणजे तासाभराचं काम, दोन-तीन दिवसांत घरी, असं आमच्या थोरल्या भावाला, आप्पांना सांगितलं गेलं. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते खरंही आहे. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव, उसाची शेती, आप्पांची जुनी शुगर, गळ्यात माळ. दारूला ते कधी शिवले नाहीत, म्हणून लिव्हरचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. शुगर आणि लठ्ठपणामुळे लिव्हरवर चरबी साठते आणि त्यातूनही सिरोसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक आणि खडबडीत होतं, हे आमच्या भागात अजून फारसं कुणाला ठाऊक नाही. हिपॅटायटिस बी आणि सी तर वर्षानुवर्षं काही जाणवू न देता लिव्हर पोखरतात. अमिताभ बच्चन यांना १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला आणि ते कित्येक वर्षांनी, लिव्हरचा पाऊण हिस्सा गेल्यावर कळलं, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण काही दिवसांतच डोळे पिवळे दिसू लागले. पोट फुगलं, टाक्यांतून पाणी झिरपू लागलं, लघवी कमी झाली. मग आप्पा असंबद्ध बोलू लागले, वहिनींना ओळखेनात. पुण्याला हलवलं, तेव्हा तिथल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा जुने कागद मागितले. शुगरच्या फाइलमध्ये एक सोनोग्राफी निघाली. लिव्हर खडबडीत, प्लीहा वाढलेली, पोटात थोडं पाणी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. रिपोर्ट दुसऱ्या दवाखान्यातला होता आणि ऑपरेशनआधी तो कुणी विचारलाच नव्हता. आप्पा परत आले नाहीत.

सिरोसिस झालेल्या माणसाच्या बाबतीत काप किती मोठा यापेक्षा लिव्हरमध्ये ताकद किती उरली आहे, हे महत्त्वाचं. भुलीमुळे लिव्हरकडे जाणारं रक्त घटतं. निरोगी लिव्हर ते सोसतं, सिरोसिस झालेलं लिव्हर कोलमडू शकतं. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं, त्यामुळे रक्तस्रावाची भीती. पोटातलं पाणी टाक्यांवर दाब देतं, त्या पाण्यात जंतुसंसर्ग होतो आणि मागोमाग किडनी थकते.

हा धोका आधी मोजता येतो, याचीच मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. ‘चाइल्ड-पग’ नावाची मोजणी १९७३ पासून डॉक्टरांच्या हाताशी आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणी, पोटातलं पाणी आणि मेंदूवरची गुंगी या पाच गोष्टींवरून ५ ते १५ गुण पडतात. ६ पर्यंत ‘ए’, ७ ते ९ ‘बी’, १० पासून पुढे ‘सी’. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांच्या जुन्या अमेरिकी अभ्यासांत ‘ए’ गटात शंभरातले सुमारे १०, ‘बी’मध्ये ३० आणि ‘सी’मध्ये ७५ ते ८० रुग्ण दगावले होते. आज उपचार सुधारले आहेत, हर्नियाचा धोका त्याहून कमी धरतात. पण उतरंड तीच आहे. आणि ऑपरेशन तातडीचं असेल तर धोका आणखी वाढतो.

नुसतं ‘एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. सिरोसिसमध्येही ते आकडे जवळपास ठीक असू शकतात. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आणि प्लीहा वाढलेली, ही जोडी दिसली तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेल्याशिवाय तारीख घेऊ नका. सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसले, पण त्रास काहीच नाही, तर सहसा ऑपरेशन लागत नाही. सिरोसिसच्या रुग्णाने तर तिथे घाई करूच नये.

माझं ऐकून कुणी ऑपरेशनच टाळू नये, हेही तितक्याच कळकळीने सांगतो. पोटात पाणी असताना हर्निया तसाच ठेवला तर आतडं अडकू शकतं, बेंबीवरची कातडी फुटू शकते आणि मग नाइलाजाने तेच ऑपरेशन सगळ्यात वाईट वेळी करावं लागतं. मीठ कमी करून, लघवीच्या गोळ्या देऊन किंवा सुईने काढून आधी पाणी आटोक्यात आणायचं, मग आयसीयू, रक्तपेढी आणि लिव्हरचा डॉक्टर एकाच ठिकाणी असतील तिथे ठरवून ऑपरेशन करायचं, हा योग्य क्रम. लिव्हर बदलण्याची वेळ जवळ आली असेल तर तो विचार आधी. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून आहे. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, हे अंतर माणूस चालता-बोलता असताना कापावं. बेंबी काळी-निळी पडली, गाठ आत जाईना, उलट्या सुरू झाल्या किंवा पाणी गळू लागलं, तर मात्र थांबू नका, १०८ ला फोन करा.

घरच्यांनी औषधांवरही नजर ठेवावी. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अशा रुग्णाची किडनी बिघडवतात. झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येते, बद्धकोष्ठाने ती वाढते. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच, साधारण दिवसाला २ ग्रॅमच्या आत. आणि डाळ, दूध, अंडी बंद करून माणसाला आणखी खंगवू नका.

तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, कधी कावीळ झाली असेल, कधी रक्त चढवलं असेल किंवा दारूची सवय असेल, तर सगळ्या दवाखान्यांचे कागद एकाच पिशवीत ठेवा. ऑपरेशनच्या आधी ती पिशवी सर्जन आणि भूलतज्ज्ञ, दोघांपुढे उघडा आणि विचारा : डॉक्टर, यांचं लिव्हर हे ऑपरेशन सोसेल का? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.