दोन भीम आणि एक तिकीट

उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी आलेल्या मुलांना चित्रपट दाखविण्याची तजवीज करणे हे वरकरणी क्षुल्लक काम असले, तरी तारोडीसारख्या गावी राहणाऱ्या गृहस्थास ते विचारपूर्वकच करावे लागते; कारण धारावी बेटावरून राई, मुर्धा ही गावे मागे टाकीत बसने भाईंदर स्टेशन गाठावे, तेथून मीरा रोडच्या बाजूचे चित्रपटगृह शोधावे आणि खेळ संपताच परतीच्या बसच्या काळजीने पावले उचलावीत, असा हा एका दिवसाचा प्रपंच असल्याने त्याच आठवड्यात तो दुसऱ्यांदा मांडण्याचे त्राण कोणातच उरत नाही.

सन २०१२ च्या मे महिन्यात असाच पेच आमच्यापुढे पडला. १८ तारखेस राजीव चिलका यांचा ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान’ झळकला आणि लगोलग २५ तारखेस अर्णब चौधरी यांचा ‘अर्जुन: द वॉरियर प्रिन्स’ आला. बारा वर्षांच्या भाच्याने अर्जुनाची बाजू घेतली. पाच वर्षांची भाची, जी २००८ पासून पोगो वाहिनीवर चालत आलेल्या, लाडू खाऊन बळ मिळवणाऱ्या त्या ढोलकपूरच्या बालवीराची निस्सीम भक्त होती, ती भीमावरून तसूभर हलेना. अखेर भाच्याने वकिली मुत्सद्देगिरीने तिला सांगितले, “अगं, अर्जुनातसुद्धा भीम आहे!” यात असत्य काहीच नव्हते, आणि दावा निकाली निघाला.

चित्रपट, निःसंशय, उत्तम होता. विराटनगरीच्या राजपुत्र उत्तरापासून आरंभ करून अर्जुनाचे शिक्षण, द्यूत, वनवास आणि अज्ञातवास यांतून त्याच्या अंतःकरणातील द्वंद्व उलगडीत नेण्याची रचना, आणि रंगवलेल्या चित्रांप्रमाणे भासणारी पार्श्वभूमी, यांमुळे भाचा खिळून बसला. धाकटी मात्र पडद्यावरील त्या धिप्पाड पांडवाकडे संशयाने पाहत होती. “मामा, हा लाडू कधी खाणार?” असे तिने प्रथम हळू, मग पुढच्या रांगेतील लोक वळून पाहतील इतक्या मोठ्याने विचारले. लाडू काही आले नाहीत. रणवाद्यांचा आणि शस्त्रांचा कल्लोळ तेवढा वाढत गेला, तेव्हा कानांवर हात ठेवून ती माझ्या कुशीत शिरली आणि मध्यंतरानंतरचा बहुतेक भाग आम्ही दोघांनी बाहेरच्या बाकावर बसून काढला.

तिची भरपाई पुढल्या आठवड्यात करू, असा सर्वानुमते ठराव झाला खरा; पण १ जूनला ‘राउडी राठोड’ हा मारधाडीचा चित्रपट येऊन थडकला आणि आमच्या सोयीच्या चित्रपटगृहात मुलांच्या वाट्यास एकच अडनिडा खेळ उरला, ज्यासाठी एवढा प्रवास करण्यास भाचीची आजी मुळीच राजी होईना. लहान मुलांचे चित्रपट फार दिवस तग धरीत नाहीत, हे मनात धरूनच बेत मुक्रर करावा.

भीम आणि अर्जुन या दोन चित्रपटांपैकी श्रेष्ठ कोणता, हा समीक्षकाचा प्रश्न झाला. घरच्या वडीलधाऱ्याने सर्वांत धाकट्या प्रेक्षकास काय सोसेल, याचा निवाडा आधी करावा. त्यासाठी जाहिरातीची चित्रफीत मुलाला मांडीवर घेऊन पाहावी आणि पडद्याऐवजी त्याच्या मुद्रेकडे लक्ष द्यावे. चित्र काढलेले आहे म्हणून ते बालकांचेच असणार, हा समज तर साफ टाकून द्यावा. आता प्रमाणपत्रावर ‘यूए’ची सात, तेरा आणि सोळा वर्षे अशी वर्गवारी छापलेली असते, ती पोस्टरवरील रंगांपेक्षा अधिक भरवशाची आहे. पात्रांशी पूर्वपरिचय किती, हेही पाहावे: ढोलकपूरची मंडळी सोनापूरच्या वाळवंटात खजिन्याच्या मोहाने जातात आणि दुष्ट दमयानाशी झुंजतात, त्या वेळी भय असूनही मूल धीर धरते, कारण भीम जिंकणार हे त्याला आधीच ठाऊक असते.

तेव्हा सात वर्षांच्या आतील मूल असेल तर छोटा भीम, दहाच्या पुढील असेल तर अर्जुन, हा माझा स्पष्ट अभिप्राय. आणि दोन्ही वयांची मुले एकत्र असल्यास दोन मोठी माणसे सोबत न्यावीत, दोन निरनिराळ्या खेळांची तिकिटे काढावीत, आणि खिडकीपाशी जाण्याआधी गावाकडे परतणाऱ्या बसची वेळ विचारून ठेवावी.