जरा इकडे पाहा!

(कॅमेरा समोर आला की पुष्कळ मुलामुलींना संकोच वाटतो. हा संकोच का वाटतो आणि तो कमी कसा करावा, हे लेखकाने प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या फलकावर एके दिवशी सूचना लागते : 'इयत्ता दहावीचा समूह फोटो शनिवारी सकाळी काढला जाईल. सर्वांनी स्वच्छ गणवेशात वेळेवर हजर राहावे.' सूचना वाचून काही मुले खूश होतात. काही मुले मात्र गप्प होतात. 'माझा फोटो चांगला येत नाही', 'मी मागेच उभा राहीन', 'त्या दिवशी मी येणारच नाही', असे ती मनात म्हणतात. तुम्हीही त्यांच्यापैकी एक आहात काय? असाल, तर हा पाठ खास तुमच्यासाठी आहे.

मीही तुमच्यासारखाच होतो. नववीत माझ्या ओळखपत्रावरच्या फोटोत माझे डोळे अर्धवट मिटले होते. मित्र हसले. ती गोष्ट मी मनाला लावून घेतली. दहावीच्या फोटोच्या दिवशी पोट दुखते असे खोटेच सांगून मी घरी राहिलो. आज तो फोटो माझ्या मित्रांच्या घरी आहे. मध्यभागी खुर्चीवर आमचे मराठीचे सर बसले आहेत. काही वर्षांनी सर वारले. त्यांच्याबरोबर माझा एकही फोटो नाही. त्या फोटोत कोणाचे केस विस्कटले आहेत, कोणाची कॉलर वाकडी आहे. पण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. फोटो पाहणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो, "यात तू कुठे आहेस?"

म्हणून आधी आपण या संकोचाचे कारण समजून घेऊ.

पहिले कारण आरशात आहे. आपण आपला चेहरा रोज आरशात पाहतो. आरशात डावी बाजू डावीकडेच दिसते. आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र आपली डावी बाजू त्याच्या उजवीकडे दिसते. फोटोतही तसेच असते. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. त्यामुळे फोटोतला आपला चेहरा आपल्याला थोडा परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी याविषयी एक प्रयोग केला. त्यांनी विद्यार्थिनींचे फोटो काढले. एक फोटो नेहमीसारखा होता आणि दुसरा आरशातल्यासारखा उलटा होता. बहुतेक विद्यार्थिनींना स्वतःचा उलटा फोटो अधिक आवडला. त्यांच्या मैत्रिणींना मात्र नेहमीसारखा फोटो आवडला. पाहा, चेहरा तोच होता! प्रत्येकीला सवयीचा चेहरा आवडला, एवढेच. तेव्हा 'माझा फोटो वाईट येतो' असे तुम्हांला वाटते, तेव्हा तुमच्या मित्रांना त्यात काहीच वाईट दिसत नाही.

दुसरे कारण आपल्या मनात आहे. सर्व जण आपल्याकडेच पाहत आहेत, असे आपल्याला वाटते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली अशाच एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असे चित्र असलेला शर्ट घालायला दिला आणि त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. असे अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत केले. 'निम्म्या मुलांनी तरी माझा शर्ट पाहिला असेल', असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात सुमारे पाव मुलांच्याच ते लक्षात आले होते. समूह फोटोतही असेच होते. फोटो हातात पडला की प्रत्येक जण प्रथम स्वतःलाच शोधतो!

आता थोडे कॅमेऱ्याविषयी. ज्याची ओळख होते, त्याची भीती कमी होते. 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थ खोली असा आहे. उर्दूत तुम्ही खोलीला 'कमरा' म्हणता. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. 'कमरा' आणि 'कॅमेरा' यांचे मूळ एकच आहे. अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून प्रकाश आला, तर समोरच्या भिंतीवर बाहेरच्या वस्तूची उलटी प्रतिमा पडते. बसरा येथे जन्मलेले थोर शास्त्रज्ञ इब्न अल्-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी प्रकाशाचा आणि अशा छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेचा अभ्यास केला होता. म्हणजे कॅमेरा ही मुळात एक छोटीशी अंधारी खोलीच आहे. तिला घाबरायचे कशाला?

फोटोग्राफीची कला १८३९ साली फ्रान्समध्ये जाहीर झाली. तिचा एक जनक दागेर याने त्याआधी, १८३८ साली, पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला होता. रस्त्यावर वर्दळ होती. पण फोटो उमटायला काही मिनिटे लागत. त्यामुळे चालणारी माणसे, धावणाऱ्या गाड्या फोटोत आल्याच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस मात्र एका जागी थांबला होता. तो फोटोत आला! आपला फोटो निघत आहे, हे बहुधा त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल. पुढे स्टुडिओत माणसाचे डोके हलू नये म्हणून त्याच्या मागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसे ताठ आणि गंभीर दिसतात, त्याचे हेही एक कारण आहे. आज फोटो क्षणात निघतो. मग आपण त्या लोकांसारखे ताठ का उभे राहायचे?

आपल्या देशातले एक उदाहरण फार बोलके आहे. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार होते. निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. त्या काळी पडद्यातल्या स्त्रिया पुरुष छायाचित्रकारासमोर कशा येणार? म्हणून १८९२ साली दीनदयाळ यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ सुरू केला. त्याभोवती उंच भिंती होत्या आणि तेथे फोटो काढणारीही स्त्रीच होती. संकोच वाटणे हा दोष नाही, हे दीनदयाळ यांनी ओळखले होते. माणसाला निश्चिंत वाटेल अशी सोय केली की संकोच आपोआप कमी होतो. ही सोय आपण स्वतःसाठीही करू शकतो. ती कशी, ते पाहू.

आदल्या दिवशीची तयारी : गणवेश धुऊन, इस्त्री करून ठेवा. बटणे तपासा. फोटोसाठी नवे, टोचणारे किंवा घट्ट कपडे घालू नका. अंगाला सवयीचे असतील तेच घाला. ओढणी किंवा स्कार्फ घेत असाल, तर तो कसा बसवायचा आणि पिन कोठे लावायची, हे आधीच ठरवा. रात्री वेळेवर झोपा. जागरण केले की ते डोळ्यांत दिसते.

घरी सराव करा : घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाला फोनवर तुमचे चार-पाच फोटो काढायला सांगा. खिडकीकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे चेहऱ्यावर मऊ प्रकाश पडेल. फोन चेहऱ्याच्या फार जवळ धरू नका. फार जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते. तो नाकाचा दोष नाही, अंतराचा दोष आहे! थोडे लांब उभे राहिले की चेहरा जसा आहे तसा येतो.

फोटोच्या दिवशी : तोंड धुऊन कोरडे करा. चेहऱ्यावर घाम किंवा तेल असेल, तर रुमालाने टिपून घ्या. नाहीतर कपाळ चमकते. केस डोळ्यांवरून बाजूला करा. चश्म्यावर प्रकाश चमकत असेल, तर हनुवटी किंचित खाली घ्या. उभे राहताना पाठ सरळ ठेवा, पण खांदे सैल सोडा. हातांचे काय करावे हे सुचत नसेल, तर ते सरळ बाजूला सोडा किंवा एक हात दुसऱ्या हातात धरा.

ऐन क्षणी : छायाचित्रकार "जरा इकडे पाहा!" असे म्हणतो, तेव्हा आपण नकळत श्वास रोखतो आणि चेहरा कडक होतो. म्हणून त्या वेळी हळूच श्वास सोडा. डोळे मिटतील अशी भीती वाटत असेल, तर ते आधीच क्षणभर मिटा आणि 'तीन' म्हणायच्या आत उघडा. ओढूनताणून हसू नका. खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचे स्नायूही हलतात, असे दुशेन या फ्रेंच डॉक्टराने १८६२ साली दाखवून दिले. असे हसू हुकमाने येत नाही. ते आठवणीने येते. आजीने सांगितलेली गंमत आठवा किंवा शेजारच्या मित्राची खोडी आठवा. हसू आले नाही तरी चालेल. शांत चेहराही सुंदरच दिसतो.

परीक्षेच्या अर्जासाठी किंवा पासपोर्टसाठी फोटो काढायचा असेल, तर त्याची रीत वेगळी आहे. तेथे चेहरा समोर हवा, डोळे उघडे हवेत आणि मागची बाजू फिकट व साधी हवी. धर्माच्या रीतीप्रमाणे डोके झाकले असेल, तरी पासपोर्टच्या फोटोत हनुवटीपासून कपाळापर्यंतचा चेहरा स्पष्ट दिसावा लागतो. फोटो बिघडला असे वाटले, तर "कृपया आणखी एक काढा" असे नम्रपणे सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणाला फोटो काढून घ्यायचा नसेल, तर त्याला ओढत आणू नका. कोणाचा फोटो त्याला न विचारता काढू नका आणि इतरांना पाठवू नका. कोणाच्या फोटोला हसू तर मुळीच नका. मी एका हसण्यामुळे घरी राहिलो होतो, हे तुम्ही वाचलेच आहे.

मित्रांनो, फोटो ही रूपाची परीक्षा नव्हे. ती हजेरी आहे. 'त्या दिवशी, त्या सोबत्यांबरोबर मी होतो', 'मी होते', एवढेच ती सांगते. तेव्हा शनिवारी वेळेवर या. मागच्या रांगेत लपू नका. आणि तुमच्या शेजारी कोणी मान खाली घालून उभे असेल, तर त्याला हळूच म्हणा, "अरे, जरा इकडे पाहा!"

शब्दार्थ

संकोच – लाज, शरम. मनाला लावून घेणे – एखाद्या गोष्टीचे फार वाईट वाटून घेणे. परका – अनोळखी. वर्दळ – येजा, गर्दी. किताब – पदवी. निश्चिंत – काळजी नसलेला. ऐन क्षणी – नेमक्या वेळी. ओढूनताणून – बळेच. हजेरी – उपस्थिती.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखक दहावीच्या फोटोच्या दिवशी घरी का राहिला?
(आ) 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थ काय?
(इ) पॅरिसच्या फोटोत बुटांना पॉलिश करून घेणारा माणूस का उमटला?
(ई) दीनदयाळ यांना निजामाने कोणता किताब दिला?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आपला फोटो आपल्याला परका का वाटतो?
(आ) जनाना स्टुडिओची माहिती लिहा.
(इ) 'फोटो ही रूपाची परीक्षा नव्हे. ती हजेरी आहे.' या वाक्यांचा अर्थ स्पष्ट करा.

प्र. ३. भाषाभ्यास
(अ) उर्दूतील 'तस्वीर' या शब्दापासून मराठीत 'तसबीर' हा शब्द रूढ झाला. 'मुसव्विर' हाही त्याच धातूपासून बनलेला शब्द आहे. चेहरा, नजर, रुमाल, हजेरी हे शब्द उर्दूत कसे लिहितात ते लिहा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
(आ) वचन बदला : डोळा, खिडकी, रस्ता, भिंत.

उपक्रम : घरातला एक जुना फोटो पाहा. तो कधी व कोठे काढला, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्याविषयी मराठीत दहा ओळी लिहा.