चिरनेरचा ‘च’

सी भाषेतील प्रोग्राम एका यंत्रावर चालला म्हणजे दुसऱ्यावरही तसाच चालेल, असा समज आम्हांस विद्यार्थ्यांत वारंवार आढळतो. आपल्या चिरनेरचेच नाव घेऊ. यूटीएफ-8 पद्धतीत ते 18 बाइट व्यापते; ‘च’चा पहिला बाइट 224. तो साध्या ‘कॅर’ या अक्षरप्रकारात ठेविला, तर लिनक्सवरील जीसीसी कंपायलर रास्पबेरी पायवर 224च वाचतो; इंटेल यंत्रावर मात्र उणे 32! मग ‘127 हून मोठे ते मराठी’ अशी कसोटी लावणाऱ्या प्रोग्रामातून आपले गाव नाहीसेच होते. कंपायलर, मुद्दाम बजावल्यावाचून, चकार शब्द काढीत नाही. कारण चिन्हाचा हा निर्णय भाषेच्या प्रमाणनियमांनी त्याच्याकडेच सोपविला आहे. तेथे ‘अनसाइन्ड कॅर’ असे स्पष्ट लिहावे. लिंकर त्या मानाने सरळ. हाक मारलेले फंक्शन न सापडल्यास तो जुळणीच नाकारतो.