ऑपरेशन झाले, पण काटा हलत नाही



एका रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आमच्याच गल्लीतल्या एक ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. वय बेचाळीस, चार घरची धुणीभांडी करतात. पाच महिन्यांपूर्वी त्यांचे वजन कमी करण्याचे, म्हणजे बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झाले. शुगर, बीपी, गुडघे, झोपेत श्वास अडकणे, सगळेच मागे लागले होते, म्हणून डॉक्टरांनी ते सुचवले. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, माझं ऑपरेशन फेल गेलं. पाच आठवडे झाले, काटा त्र्याण्णववरच हाय. बचत गटाचं कर्ज काढलं, आता जाऊबाई विचारतात पैसे कुठं गेले. मी दोन दिवसांपासून जेवणच सोडलंय."

पैशांचे आणि जाऊबाईंचे नंतर बघता येते. मला भीती वाटली ती शेवटच्या वाक्याची. ऑपरेशन झालेल्या माणसाने जेवण सोडणे हे वजन न उतरण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. आपल्या वस्त्यांतही आता अशी ऑपरेशने झालेली माणसे आहेत, म्हणून या वेळचे पान याच विषयावर.

आधी हिशेब मांडू. ताईंचे ऑपरेशन 'स्लीव्ह'चे. त्यात पोटाच्या पिशवीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत वर्ष ते दोन वर्षांत मूळ वजनाच्या साधारण 25 ते 30 टक्के वजन उतरते. कोणाचे थोडे जास्त, कोणाचे थोडे कमी. ताईंचे मूळ वजन 112 किलो, म्हणजे 28 ते 34 किलो उतरणे ही सर्वसाधारण अपेक्षा. पाच महिन्यांत 19 किलो उतरले, म्हणजे 17 टक्के. गती किंचित मंद आहे, पण याला फेल म्हणत नाहीत.

ताईंच्या मनात आकडा होता 55 चा. तो त्यांना कोणी दिला होता? कोणीच नाही. लग्नाच्या वेळी वजन तेवढे होते म्हणून. हा आकडा ऑपरेशनच्या आधीच कोणीतरी समोर बसवून दुरुस्त करायला हवा होता. ते झाले नाही आणि त्याची शिक्षा ताई स्वतःला देत होत्या. वॉर्डात शेजारच्या खाटेवर असलेल्या दादांचे 35 किलो उतरले, हेही त्यांना सलत होते. पण ते दादा 160 किलोंचे होते. जड माणसाचे किलो जास्त उतरतात. पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त, त्यामुळे त्यांचे वजन बहुधा लवकर उतरते. वाढते वय, पाळी जाण्याचा काळ, पीसीओडी, थायरॉइड, जुनी शुगर यांनी गती मंदावते. तुलना करायचीच तर टक्क्यांची करा, आणि तीही स्वतःच्या मागच्या महिन्याशी.

काटा मध्येच का थांबतो, तेही समजून घ्या. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी चिकटलेले असते. सुरुवातीच्या आठवड्यांत हा साठा आणि त्याचे पाणी निघून जाते, म्हणून वजन धडाधड पडते. मग शरीर थोडे पाणी परत धरते आणि बहुतेकांचा काटा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पहिल्यांदा अडकतो. पुढे चौथ्या-सहाव्या महिन्यातही असे थांबे येतात. त्याचे कारण वेगळे. 112 किलोंचे शरीर चालवायला जेवढे इंधन लागायचे तेवढे 93 किलोंना लागत नाही. शिवाय अन्न कमी मिळते आहे हे ओळखून शरीर खर्चात आणखी काटकसर करते. थांब्याच्या दिवसांत चरबी हळूहळू घटत असूनही काट्यावर दिसत नाही, असे पुष्कळदा होते. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच करा. एकाच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. रोज काट्यावर उभे राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाळीच्या आधी पाणी साठून एखाद-दीड किलो वाढते आणि त्यांचा सगळा दिवस रडण्यात जातो. शिंप्याची टेप घेऊन महिन्यातून एकदा कंबर मोजा. ताईंची कंबर त्या पाच आठवड्यांतही सव्वा इंच कमी झाली होती. ब्लाउज ढिला झाल्याचे त्यांना कळले होते, पण तो त्यांनी हिशेबात धरला नव्हता. शुगरच्या गोळ्या दोनवरून एकीवर आल्या, हेही नाही.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट येते. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे येई. भगवंतांनी सांगितलेली गाथा एका सेवकाने पाठ केली आणि राजाच्या जेवणाच्या वेळी तो ती म्हणू लागला. राजाचा आहार क्रमाक्रमाने नाळीभर भातावर आला आणि तो सडपातळ झाला. भगवंतांनी त्याला उपाशी ठेवले नाही. रोज ताटापाशी आठवण करून देणारे एक माणूस मात्र होते. ताईंच्या घरी ते काम त्यांच्या नववीतल्या मुलीने घेतले आहे.

आता खाण्याकडे येऊ. ताईंना विचारले, दिवसभरात काय खाता? म्हणाल्या, "काहीच नाही. अर्धी भाकरी, दोन घास भात." मग सकाळपासून एकेक तास आठवायला लावला. चार घरी कामाला जातात, चारही घरी चहा मिळतो. घरचे दोन. दोन चमचे साखरेचा, दूध घातलेला कपभर चहा साधारण 70-80 कॅलरींचा. सहा कप म्हणजे साडेचारशेच्या आसपास. दोन घरी चहाबरोबर चार-चार ग्लुकोज बिस्किटे मिळतात, म्हणजे आणखी दोनशे. ऑपरेशननंतर या टप्प्यावर अनेकांचा दिवसभराचा आहारच हजाराच्या आसपास असतो. ताईंचा निम्म्याहून जास्त चहा-बिस्किटांत जात होता आणि त्यांना वाटत होते आपण काहीच खात नाही. त्या खोटे बोलत नव्हत्या. चहा, चहात बुडवलेले बिस्किट, फरसाण, सरबत, आइस्क्रीम हे लहान झालेल्या पोटातून सरसर खाली उतरते, पोट भरल्यासारखे वाटतच नाही. भाकरी आणि मटण अडते, म्हणून माणूस ते टाळतो आणि जे सहज उतरते त्याच्याकडे वळतो. वजन मंदावण्याचे मी पाहिलेले सर्वात नेहमीचे कारण हे आहे.

'चहा बंद करा' असे सांगणे सोपे असते. पण दुसऱ्याच्या घरी उभ्याने राबणाऱ्या बाईला चहाच्या निमित्तानेच पाच मिनिटे बसायला मिळते, हे सांगणाऱ्याला माहीत नसते. ताईंनी चहा सोडला नाही. दोन ठिकाणी "डॉक्टरांनी साखर बंद केली" असे सांगून बिनसाखरेचा मागितला, दोन ठिकाणी नुसता अर्धा कप. बिस्किटांऐवजी पदराला बांधलेले मूठभर फुटाणे.

ऑपरेशननंतर दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. ती कमी पडली की चरबीऐवजी स्नायू झिजतात. स्नायू झिजले की शरीराचा खर्च आणखी घटतो आणि काटा आणखीच अडून बसतो. शिवाय केस मूठमूठ गळतात, थकवा येतो. त्यासाठी महागड्या पावडरच्या डब्यांची गरज बहुतेकांना नाही. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पेलाभर दुधात तेवढेच. 50 ग्रॅम शिजलेले चिकन, जे दोन मध्यम तुकडे होतील, किंवा मूठभर कोरडे सोयाबीनचे वडे, यात बारा-तेरा. मूठभर फुटाण्यांत सहा. एवढ्यात पंचेचाळीसच्या जवळ पोचता. सुकट आणि बोंबील आपल्या घरात असतातच, त्यांत प्रथिने भरपूर. फक्त कोमट पाण्यात भिजवून मीठ काढून टाका, बीपीवाल्यांनी तर नक्कीच. वजडी चालते, पण कुकरमध्ये लोण्यासारखी मऊ शिजवून, बारीक चिरून आणि तेल-तवंगाशिवाय. ताटात आधी अंडे, मासळी किंवा वरण संपवा, मग भाजी. भाकरी-भात शेवटी, जागा उरली तर. लहान वाटी, लहान चमचा, वीस मिनिटे. शिळ्याला नाही म्हणवत नाही आणि उरलेले टाकवत नाही म्हणून पोरांच्या ताटातले चार घास खाणे, हेही अन्नच असते, ते मोजा.

पाणी जेवणाबरोबर पिऊ नये. आधी आणि नंतर अर्धा तास सोडून घोट घोट घ्यावे, दिवसभरात दीड-दोन लिटर. हे सांगितले की बायका एकमेकींकडे बघतात. सार्वजनिक संडास लांब, रात्री तिकडे जायची भीती, म्हणून दुपारनंतर पाणीच प्यायचे नाही ही आपल्याकडची सवय. ऑपरेशन झालेल्या बाईला ती महागात पडते. बद्धकोष्ठ होते, मुतखडा होऊ शकतो, आणि कित्येकदा तहान हीच भूक वाटते. निम्म्याहून जास्त पाणी दुपारपर्यंत संपवा आणि संध्याकाळी संडासला जाताना घरातल्या कोणीतरी सोबत जा. वस्तीत नवा संडास मागायचा असेल तर हे कारणही अर्जात लिहा.

वर्षावासात अष्टशील घेणाऱ्या उपासिकांनी विचारले आहे म्हणून सांगते. ऑपरेशन होऊन वर्ष झालेले नसेल तर दुपारनंतरचे जेवण सोडू नका. भन्तेजींना परिस्थिती सांगा, विनयातही आजाऱ्याला औषधाची मोकळीक आहे.

औषधांमुळेही वजन अडते. इन्सुलिन, शुगरच्या काही गोळ्या, स्टिरॉइड, झटक्यांची आणि मनाच्या आजाराची काही औषधे यांचा त्यात हात असू शकतो. ऑपरेशननंतर शुगर उतरते, पण गोळ्यांचा डोस जुनाच राहिला तर शुगर फार खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात आणि माणूस साखर खातो. मात्र कोणतेही औषध मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. गुडघ्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या पुड्या घेत असाल तर त्याही दाखवा, अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. मिश्री, तंबाखू, दारू आणि मनाने घेतलेल्या पेनकिलर यांनी आतल्या टाक्यांच्या जागी अल्सर होतो. बायपासवाल्यांना धोका जास्त.

बी-बारा, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या वजन उतरो वा न उतरो, जन्मभर घ्यायच्या. "काटा हलत नाही, मग गोळ्या कशाला" म्हणून त्या सोडलेल्या माणसाच्या पायांना वर्षभराने मुंग्या येताना मी पाहिल्या आहेत. वजन उतरू लागले की पाळी नियमित होऊन दिवस लवकर राहू शकतात. पण ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये. बायपासनंतर पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, तांबीबद्दल विचारा.

हालचालीबद्दल ताई म्हणाल्या, दिवसभर मी बसते कुठे? खरे आहे, आणि ते कष्ट मोजले जातातच. पण शरीर त्याच कामाला सरावलेले असते. डॉक्टरांनी वजन उचलायला मोकळीक दिल्यावर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून रेटा देणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, असे दिवसाआड केले तर स्नायू टिकतात.

डॉक्टरांकडे कधी धावायचे ते नीट लक्षात ठेवा. उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, पोटात जोराची कळ, काळी शी, किंवा चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ, असे काहीही झाले तर त्याच दिवशी. सतत उलट्या झाल्यावर बी-वन जीवनसत्त्व संपते आणि मेंदूला इजा होते. वर्ष उलटूनही मूळ वजनाच्या वीस टक्केही उतरले नसेल, किंवा उतरलेले वजन महिन्यामागून महिना परत चढत असेल, तर सर्जनला दाखवा. ते दुर्बिणीने तपासतील, रक्त तपासतील. वजनाची नवी इंजेक्शनेही आता आपल्याकडे मिळतात आणि काहींना ती ऑपरेशननंतर देतात, पण मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून टोचायची ही गोष्ट नाही. फेरऑपरेशन शेवटचे.

घरच्यांना एक विनंती. "अजून तशीच दिसतेस", "पैसे पाण्यात गेले" हे बोलू नका. ताईंनी तपासणीच्या दोन तारखा चुकवल्या, त्या डॉक्टरांच्या धाकाने नाही. वजन विचारतील आणि घरी येऊन सांगावे लागेल, या लाजेने. शेवटी सासूबाईच त्यांना घेऊन गेल्या. केस पेपर, गोळ्यांची पिशवी आणि मुलीने आठवडाभर लिहिलेली खाण्याची वही बरोबर होती. रक्तात बी-बारा कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू झाली. शुगरची गोळी बदलली. आहारतज्ज्ञ बाईंनी वही बघून संध्याकाळचे एक अंडे वाढवले. सहा आठवड्यांनी काटा 90 वर आला. मग पुन्हा तीन आठवडे तिथेच थांबला. या खेपेला ताई जेवल्या.